पॅरिशच्या पेटीतील पूर्वज

आपल्यापैकी कोणी कुलवृत्तांत लिहावयास घेतला, म्हणजे त्याची पावले प्रथम त्र्यंबकेश्वराकडे किंवा काशीकडे वळतात. क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांत पणजोबांच्या हातचा लेख सापडतो; त्यात पिता, पितामह, बंधू, पुत्र, गोत्र व मूळ गाव ही सारी येतात आणि एका बैठकीत पाचसात पिढ्या हाती लागतात. ही माहिती घरच्यांनीच सांगितलेली असते. इंग्लंडातील एखाद्या खेड्यातून आपले पूर्वज शोधू पाहणाऱ्या इंग्रजास ही सोय नाही. सरदार-उमराव व मोठे जमीनदार वगळले, तर तेथील शेतकऱ्याने, लोहाराने किंवा मजुराने आपली वंशावळ कोणापाशी सांगून ठेवली नाही. असे असूनही चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामान्य मजुराचा जन्म, विवाह व मृत्यू आज शोधून काढता येतो. आणि तो काढता येतो, तो दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांवरून. हे कागद कसे उत्पन्न झाले व त्यांतून काय गवसते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस मनोरंजक वाटेल असे आहे.

एका चर्चच्या धर्मकारभाराखाली जेवढा मुलूख येतो, त्यास तेथे पॅरिश म्हणतात. बहुधा एक खेडे व त्याच्या भोवतालच्या वाड्या. १५३८ च्या सप्टेंबर महिन्यात आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकास हुकूम सोडला की, आपल्या हद्दीतील प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद एका वहीत करीत जावी. दर रविवारी चर्चच्या कारभाऱ्यांसमक्ष मागील आठवड्याच्या नोंदी करावयाच्या, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावयाची, एक किल्ली धर्मोपदेशकापाशी व दुसरी कारभाऱ्यांपाशी राहावयाची, आणि कसूर झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड भरून तो चर्चच्या दुरुस्तीस लावावयाचा, असा सारा बंदोबस्त त्या हुकुमात होता. लोकांस मात्र यात नव्या कराचा वास आला. ती शंका अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. कारण पुढे १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर खरोखरच तीन पेन्सांचा कर बसविला, आणि तो सुरू होण्यापूर्वी मुलांचे बाप्तिस्मे उरकून घेण्याची कित्येक गावांत एकच घाई उडाली! अकरा वर्षांनी, १७९४ मध्ये, तो कर उठला.

आरंभीच्या वह्या कागदी होत्या व त्यांतील पुष्कळ नाश पावल्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याची आज्ञा झाली, परंतु निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासून, तरी उतरवाव्या अशी सवलत तिच्यात असल्यामुळे आळशी लेखकांनी त्यामागची वीस वर्षे सोडून दिली. त्याच आज्ञेने वर्षाकाठी एक नक्कल बिशपकडे पाठविण्याचा प्रघात पडला. मूळ वही उंदरांनी किंवा ओलीने खाल्ली असल्यास संशोधकाची भिस्त या नकलेवर असते. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात मात्र धर्मोपदेशक परागंदा झाले, वह्या कोऱ्या राहिल्या, आणि त्या अठरावीस वर्षांच्या खिंडारात असंख्य घराण्यांची साखळी तुटली आहे.

शोधाची रीत अशी की, नेहमी ठाऊक असलेल्या माणसापासून मागे जावे. कोणा प्रसिद्ध पुरुषापासून खाली उतरत आपल्याशी नाते जुळविण्याचा मोह धरू नये. तेथील शिरगणतीचे मूळ कागद शंभर वर्षे बंद असतात. १९२१ चे कागद २०२२ मध्ये उघडले. १९३१ चे १९४२ साली आगीत जळाले, आणि १९४१ ची शिरगणती महायुद्धामुळे झालीच नाही. मागे जाता जाता १८५१ ची शिरगणती फार मोलाची ठरते, कारण तीत प्रत्येक माणसाचे जन्मगाव व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते दिले आहे. १८४१ च्या कागदांत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत; चौतिसाचा मनुष्य तेथे तिशीचा दिसतो. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासूनची. त्यामागे गेले की पुन्हा त्या दोन कुलपांच्या पेटीपाशी येऊन उभे राहावे लागते.

वहीतील ओळ फार थोडे बोलते. १८१३ पासून छापील रकाने आले आणि बापाचा धंदा, मृताचे वय इत्यादी गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. तत्पूर्वी बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे व बापाचे नाव एवढेच पुष्कळदा असे. ज्या मातेने नऊ महिने भार वाहिला तिचे नाव लिहिण्याची गरज कित्येक लेखकांस वाटली नाही, आणि ती वारली तेव्हाही अमक्याची बायको एवढ्यावरच तिची बोळवण झाली. आपल्या जुन्या वंशावळींत कन्यांस मुळीच जागा नसते, त्यामुळे आपण इंग्रजांस नावे ठेवावी असे नाही. १७५४ मध्ये विवाहाचा नवा कायदा अमलात आला आणि वधूवरांनी वहीत सही करणे आवश्यक झाले. खेड्यातील स्त्रीच्या हातची अक्षरे तेव्हापासून प्रथमच नियमाने दिसू लागतात. निम्म्याहून अधिक वधूंनी फुलीच काढली आहे. पण ती फुलीही तिच्या स्वतःच्या हातची आहे.

नवख्यास चकविणाऱ्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, आणि त्यांस उदाहरण म्हणून एसेक्स परगण्यातील अर्ल्स कोन या गावच्या धर्मोपदेशकाचेच घर घेता येईल. राल्फ जोसेलिन हा १६४१ पासून १६८३ मध्ये मरेपर्यंत तेथे होता, आणि त्याने आयुष्यभर रोजनिशी लिहिली. त्याला दहा अपत्ये झाली. १६४८ च्या फेब्रुवारीत त्याला एक मुलगा झाला, बापाचेच नाव त्याला ठेविले, आणि दहा दिवसांत तो गेला. पुढल्या वर्षी पुन्हा मुलगा झाला. त्याचेही नाव राल्फच ठेवण्यात आले. थोरली कन्या मेरी वारल्यावर कित्येक वर्षांनी, १६५८ मध्ये, जी मुलगी झाली तिचे नाव पुन्हा मेरी. गेलेल्या मुलाचे नाव मागाहून आलेल्यास देण्याची ही चाल सर्वत्र होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीत हवे ते नाव मिळताच हर्षभराने वही मिटणारा संशोधक दफनाच्या नोंदी पाहत नाही, आणि दहा दिवसांत निवर्तलेल्या अर्भकापासून आपला वंश उत्पन्न करतो! दुसरी गोष्ट वर्षारंभाची. इंग्लंडात १७५१ पर्यंत कायद्याने नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्यास १६४८ चा फेब्रुवारी म्हणतो, तो त्या वेळच्या कागदांत १६४७ चा असतो. हे ध्यानात न घेतल्यास आईबापांच्या विवाहापूर्वीच मुलाचा जन्म झाल्याचे दिसून विनाकारण एखाद्या सुशील बाईवर आळ येतो.

थोरली मेरी १६५० च्या मे महिन्याच्या अखेरीस, नऊ वर्षांचीही पुरती झाली नव्हती तेव्हा गेली, आणि तिच्यामागून आठवड्याभरात तो दुसरा राल्फही गेला. अशा मृत्यूंस दफनाच्या वहीत एकेक ओळ मिळते, दोन्ही सारख्याच लांबीच्या. पण जोसेलिनची रोजनिशी उपलब्ध असल्यामुळे आपणांस कळते की, दहा दिवसांच्या बाळाचे दुःख बापाने लवकर आवरले. मेरीचे मात्र आवरले नाही. तिचा समजूतदारपणा, तिचे वाचन, तिचा लोभ यांची आठवण तो लिहीत राहिला. त्या काळी मुले इतकी मरत की आईबापांस त्याचे फारसे काही वाटत नसावे, असे विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्यांनी नुसत्या वह्या वाचल्या त्यांस तसे वाटणे साहजिक होते.

श्रीमंताचा शोध मृत्युपत्रांत लागतो. १८५८ पर्यंत मृत्युपत्रे धर्मसत्तेच्या न्यायालयांत शाबीत होत, आणि त्यांच्यासोबत मृताच्या घरातील भांडी, बिछाने, गाई, गाडे यांची किमतीसह यादी जोडलेली असे. जमीन कसणाऱ्याचा शोध जमीनदाराच्या न्यायसभेच्या लॅटिन दप्तरांत लागतो. तेथे बाप मेला, मुलगा वारस झाला, त्याने अमुक इतकी रक्कम भरली, अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालत. परंतु ज्याच्यापाशी जमीन नाही व मृत्युपत्र करण्याजोगे काही नाही, त्याचा शोध बहुधा तो संकटात सापडला त्या दिवशी लागतो.

१६०१ च्या कायद्याने आपल्या गरिबांस पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर आली. मग आपले गरीब कोणते, हा तंटा उभा राहिला. १६६२ च्या कायद्याने असे ठरविले की, वर्षास दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहावयास आलेला परका मनुष्य पुढे गावावर भार होईल असे वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशला परत धाडता यावे. यासाठी दोन न्यायाधीशांसमोर त्या माणसाची जबानी होई. तू कोठे जन्मलास, कोणापाशी उमेदवारी केलीस, कोणत्या गावी वर्षभर चाकरी केलीस, लग्न कोठे झाले, मुले किती? ज्याला लिहिता येत नव्हते अशा शेतमजुराचे आत्मचरित्र म्हणून आज जे काही उरले आहे, ते हेच एक पान. अविवाहित गड्याने एके ठिकाणी सबंध वर्ष चाकरी केली, तर तेथे राहण्याचा हक्क त्याला प्राप्त होई. म्हणून काही धनी गड्यास एक्कावन्न आठवड्यांच्याच बोलीने ठेवीत. पत्नीस पतीच्या पॅरिशचा हक्क लागे. त्यामुळे जिने ते गाव उभ्या जन्मात पाहिले नव्हते, अशा विधवेसही मुलांसह तेथे पाठविण्यात येई. सर्वांत वाईट अवस्था अविवाहित गरोदर स्त्रीची. अनौरस मूल जेथे जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात पडे, म्हणून प्रसूतीपूर्वीच तिला हद्दीबाहेर काढण्याची कारभाऱ्यांची धडपड चाले. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणास हाकलू नये, असे १७९५ मध्ये ठरले. पण त्याच कायद्याने अशी स्त्री तिने काही मागितले नसतानाही मदत मागणारीच समजली गेली. तिला शपथेवर मुलाच्या बापाचे नाव सांगावे लागे, आणि त्याच्याकडून पोटगीचा रोखा लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाच्या नावाची जागा रिकामी असते; ते नाव या रोख्यात निघते. आज एखाद्या घरास आपल्या मूळपुरुषाचा हा असा कागद सापडतो, तेव्हा त्यांनी लाज मानावी तर ती त्या स्त्रीची नव्हे, त्या कारभाऱ्यांची मानावी असे मला वाटते.

अर्ल्स कोनचा उल्लेख वर आलाच आहे. शिलाँग येथे जन्मलेले केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ ॲलन मॅक्फार्लेन यांनी १९७० नंतरच्या दशकात या एका गावचे वह्या, मृत्युपत्रे, न्यायसभेची दप्तरे असे सारे जुने कागद एकत्र करून प्रत्येक नाव दुसऱ्या कागदांतील त्याच नावाशी जुळविण्याचा प्रचंड खटाटोप केला. त्यातून आणि तशाच इतर कामांतून जे चित्र निघाले, ते इंग्रजी खेड्याविषयीच्या रूढ समजुतीस धक्का देणारे आहे. शेकडो वर्षे एकाच मातीत रुजलेली घराणी, बापाच्या जमिनीवर मुलगा, एका छपराखाली तीन पिढ्या, असे आपणही समजत होतो; पण तसे ते नव्हते. नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थ गावच्या धर्मोपदेशकाने १६७६ मध्ये गावातील प्रत्येक माणसाची यादी केली, ती ४०१ नावांची भरली. १६८८ मध्ये त्याने पुन्हा यादी केली, तेव्हा ४१२ माणसे होती. गाव तेवढेच दिसते. परंतु पीटर लॅस्लेट यांनी दोन्ही याद्या ताडून पाहता, पहिल्या यादीतील सुमारे साठ टक्के माणसे बारा वर्षांनंतर तेथे नव्हतीच. काही वारली होती; त्याहून अधिक निघून गेली होती. घरात माणसे सरासरी चाराहून थोडीच अधिक. मुले वयात आली की परक्याच्या घरी चाकरीस राहत, पंचविशीच्या आसपास लग्न करून वेगळी चूल मांडीत, आणि म्हातारे आईबाप बहुधा वेगळेच राहत. एकत्र कुटुंब हे यंत्रयुगाने मोडले, असे आपल्याकडील व्याख्यानांत ऐकू येते; इंग्लंडच्या बहुतेक भागांत तरी मोडण्यासाठी ते मुळात नव्हते. यावरून मॅक्फार्लेन यांनी काढलेली काही अनुमाने इतरांस मान्य नाहीत, पण नावांचा हिशेब नाकारता येण्यासारखा नाही.

म्हणूनच शोधकास सर्वांत अधिक सतावतो, तो गाव सोडून गेलेला तरुण. बाप्तिस्म्याची ओळ आहे, विवाहाची नाही, दफनाचीही नाही. असे तरुण बहुधा पाचदहा मैलांवरील दुसऱ्या पॅरिशमध्ये सापडतात. काही लंडनात बुडून जातात. आणि काही आपल्याकडे निघतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील गोऱ्यांचे बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नकला लंडनला जात. १७०९ पासूनच्या त्या नकला आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीने १८४३ मध्ये आपला भरती झालेल्या शिपायांचा तळ वॉर्ली येथे नेला; हे ठिकाण अर्ल्स कोन ज्या परगण्यात आहे, त्याच एसेक्समधले. पुणे, खडकी, अहमदनगर येथील छावण्यांत पुरलेल्या शिपायाच्या ओळीत त्याचे वय, पलटण व पुष्कळदा मृत्यूचे कारण असते, पण गावाचे नाव नसते. ते भरतीच्या पटात, जन्मस्थान व पूर्वीचा धंदा या रकान्यांत मिळते, आणि तेथून परत त्याच्या पॅरिशच्या वहीकडे जाता येते.