एका फायलीतले दफ्तर

एखाद्या वाचनालयाचे किंवा शाळेचे सारे दफ्तर एकाच फायलीत मावावे, तिच्यासाठी स्वतंत्र सर्व्हर वा तो राखणारा माणूस लागू नये, आणि पेनड्राइव्हवर घालून ती दुसऱ्या संगणकावर नेली तरी तीतली एकही नोंद हलू नये, अशी सोय २००० साली रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइटच्या रूपाने जगाला करून दिली. तिचा उगम अमेरिकी आरमाराच्या एका विनाशिकेसाठी चाललेल्या कामात आहे. तेथील डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यावर विसंबलेला प्रोग्रामही अडून बसे, तेव्हा मधला सर्व्हरच नको, हा विचार त्या अडचणीतून निघाला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनात व आयफोनात ही व्यवस्था मुकाट्याने राबते आहे, आणि तिच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही.

मात्र ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर आरंभीचे एसक्यूलाइटचे नाव आणि मधूनमधून काही मजकूर वगळता हाती काही लागत नाही. कोष्टके पाहण्यास व दुरुस्त करण्यास साधन लागतेच. ते निवडताना बहुतेक लोक किती सोयी आहेत हे मोजतात. माझ्या मते पाहावयाचे ते एवढेच, की चुकीचा हुकूम दिला गेल्यास तो मागे घेण्याची मुभा ते साधन देते की नाही.

आमच्या वाचनालयाच्या सभासदवहीत एकदा एका गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक बदलावयाचा होता. ‘अपडेट’चा हुकूम लिहिताना ‘व्हेअर’ची अट राहून गेली आणि क्षणार्धात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे तोच दहा अंकी क्रमांक उभा राहिला. सुदैवाने मी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ वापरत होतो. त्यात केलेला बदल ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत केवळ मसुदाच असतो, त्यामुळे शेजारचे ‘रिव्हर्ट चेंजेस’ दाबताच वही पूर्ववत झाली. हा मसुदा अडकून असेतो दुसऱ्या प्रोग्रामला त्या फायलीत लिहिता येत नाही खरे, पण ती गैरसोय मी आनंदाने पत्करतो.

‘एसक्यूलाइट स्टुडिओ’ हेही विनामूल्य व आटोपशीर साधन आहे. ‘डीबीव्हर’ मायएसक्यूएल, पोस्टग्रेसारखी मोठी दफ्तरेही उघडतो. ज्याला अनेक घरचा कारभार पाहावयाचा आहे त्याने तो जरूर घ्यावा, परंतु त्यात लिहिलेला हुकूम सामान्यतः चालवताक्षणी रुजू होतो, म्हणून ‘मॅन्युअल कमिट’ची व्यवस्था आधीच लावून घ्यावी.

एक उणीव मात्र साधन बदलून जात नाही. एसक्यूलाइट अक्षरांचा क्रम युनिकोडच्या अंकांवरून लावते, आणि तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ बसला आहे, आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतरचे. परिणामी यादीत काळे हे कासारांच्या आधी येत. अखेर मी क्रमासाठी निराळा रकाना केला, ‘रिप्लेस’च्या हुकुमाने त्यात प्रत्येक ‘ळ’च्या जागी युनिकोडात ‘ह’नंतर येणारा पूर्णविरामाचा दंड घातला, त्या रकान्यावरून यादी पुन्हा लावून पाहिली, काळे कासारांच्या खाली उतरलेले दिसले, आणि मगच ‘राइट चेंजेस’ दाबले.