रॅम किती, बॉस?

घरच्या स्टुडिओसाठी सेकंडहॅण्ड सॅम्पलर घेताय? अकाईचा एमपीसी २००० एक्सएल समोर आला, तर रंगरूप नंतर बघा, आधी रॅम विचारा. कंपनीतून तो २ एमबी घेऊन यायचा. म्हणजे मोनोत जेमतेम बावीस सेकंद! सिम बदलून ३२ एमबी, म्हणजे सहाएक मिनिटं मिळतात. (सिम मोबाइलची नव्हे हं, जुन्या पीसीतली पट्टी.) पण स्विच ऑफ केला की रॅम साफ. आणि सेव्ह कशावर? १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर! तेव्हा बजेट टाइट असेल तर पहिला खर्च मागच्या स्कझी पोर्टला कार्ड रीडर जोडण्यावर. रॅम पुढच्या पगाराला. तोवर जुन्या मंडळींची युक्ती वापरा: ३३ची रेकॉर्ड ४५वर वाजवून सॅम्पल करायची, मग पिच खाली ओढायचा. आवाज थोडा खरखरतो, पण झकास लागतो!