टेनिसची सर्व्हिस आणि कंबरेचा मणका

भंडारा जिल्ह्यात कंबरदुखीचे कोणाला नवल नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी सुरू झाली, की दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया संध्याकाळी कंबरेवर हात ठेवूनच घरी परततात. त्यामुळे पुढे वाकल्याने कंबर दुखते, हे तुम्हांला सांगावे लागत नाही. पण टेनिसपटूची कंबर का दुखावी? सर्व्हिससाठी चेंडू वर फेकताना तो पुढे वाकत नाही, उलट मागे कमान करतो!

आधी रोवणीचा हिशेब पाहू. वाकलेल्या माणसाच्या धडाचे, डोक्याचे व हातांचे वजन २५ किलो धरा. हा भार कंबरेच्या सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे असतो. त्याला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर मागे. तरफेच्या नियमाने त्यांना २५ × ३० ÷ ५, म्हणजे १५० किलो वजनाइतकी ओढ द्यावी लागते. हा ताण स्नायूंवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पडतो.

सर्व्हिसमध्ये ताणाची जागाच बदलते. कंबरेत ५ मणके असतात. प्रत्येकाच्या मागच्या बाजूस वर-खाली छोटे सांधे असतात आणि त्यांना जोडणारा हाडाचा एक अरुंद पूल असतो. तुम्ही मागे झुकलात, की हे सांधे एकमेकांवर दाबले जातात. त्याच वेळी शरीर एका बाजूस कलले व पिळले गेले, तर सारा दाब एकाच बाजूच्या पुलावर येतो. उजव्या हाताने सर्व्हिस करणारा नेमके हेच तिन्ही एकदम करतो. सर्वांत खालचा, त्रिकास्थीवर टेकलेला पाचवा मणका यात अधिक सापडतो.

एक बारीक तार घ्या. एकदा वाकवा, ती तुटणार नाही. तीच त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. थोड्याच वेळात तुकडा हातात येईल. रोज १०० सर्व्हिस, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ६०० वेळा तोच पूल वाकतो. शिवाय तुमच्या वयात हाडे पुरती पक्की झालेली नसतात. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तम खेळणाऱ्या ३३ किशोरवयीन टेनिसपटूंच्या कंबरेची चुंबकीय चित्रे घेतली. कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी २८ जणांच्या मणक्यांत काही ना काही दोष दिसला. दोष म्हणजे लगेच दुखणे नव्हे, हेही त्यातूनच कळते. आंद्रे अगासीच्या कण्याच्या तळाचा मणका तर जन्मतःच सरकलेला होता. तरी २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने एकेरीत ८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली.

मग कंबर वाचवायची कशी? पहिली किल्ली चेंडू फेकण्यात आहे. चेंडू हातापासून दीड मीटर वर जायला सुमारे ०.५५ सेकंद लागतो. हातातून सुटताना त्याला मागच्या दिशेने सेकंदाला अवघा १ मीटर वेग मिळाला, तरी माथ्यावर पोहोचेपर्यंत तो अर्ध्या मीटरहून अधिक मागे गेलेला असतो. त्याला गाठायला मग कंबरेलाच धनुष्य व्हावे लागते. म्हणून रॅकेट न चालवता नुसता चेंडू फेका आणि तो जमिनीवर कोठे पडतो तेथे खडूने खूण करा. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पुढच्या पावलाच्या पुढे, किंचित उजवीकडे पडावा. उंच उसळणारी ‘किक’ सर्व्हिस मुद्दाम डोक्यावर, थोडी डावीकडे फेकलेल्या चेंडूवर करतात. दुबळ्या कंबरेच्या मुलाने ती खुशाल विसरावी. फेक चुकली तर चेंडू मारूच नका. मारण्याचा प्रयत्न केला नसेल तर नियमाने तो फॉल्ट धरत नाहीत.

दुसरी किल्ली गुडघे. जोरदार सर्व्हिसची निम्मी शक्ती पाय व धडातून येते. खांदा आणि हात ती पुढे पोचवतात. गुडघे ताठ ठेवणारा ही उणीव कंबरेच्या कमानीतून भरून काढतो. हे स्वतःच अनुभवा. ताठ गुडघ्यांनी छताकडे पाहत मागे झुका. कंबरेत एकाच ठिकाणी घडी पडल्यासारखे वाटेल. आता गुडघे वाकवून, पोट किंचित आवळून, छाती वर उचला. छत तितकेच दिसते, पण वाक सगळ्या अंगात वाटला जातो. टेनिसचे कोर्ट आपल्याकडे गावोगावी नाही, पण डोक्यावरून सर्व्हिस मारणाऱ्या व्हॉलीबॉलपटूलाही हे तितकेच उपयोगी आहे.

तार आणि हाड यांत मात्र एक फरक आहे: हाड स्वतःला सांधते. त्याला वेळ मिळाला पाहिजे, इतकेच. मागे झुकताना कंबरेत एका बाजूस दुखत असेल आणि दोन-तीन आठवडे ते जात नसेल, तर ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर विश्रांती मिळालेली तरुण हाडाची चीर बहुधा काही महिन्यांत भरून येते. दुखणे दाबून खेळत राहिल्यास पूल दोन्ही बाजूंनी तुटून मणका पुढे सरकू शकतो.

दुखणे गेल्यावर परत खेळायला लागाल तेव्हा पहिले दिवस हात खालून फिरवून सर्व्हिस करा. कोणी हसले तर १९८९ च्या फ्रेंच स्पर्धेची गोष्ट सांगा. पायांत गोळे आलेल्या १७ वर्षांच्या मायकेल चँगने पाचव्या सेटमध्ये चक्क खालून सर्व्हिस केली. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा इव्हान लेंडल होता. गुण चँगचा झाला, सामनाही त्यानेच जिंकला आणि पुढे ती स्पर्धासुद्धा.