हेड क्लीनिंग करूनही लाइन येतेय? आधी बटणावरून हात काढा

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला : "सर, चार वेळा क्लीनिंग मारलं, तरी प्रिंटमध्ये लाइन येतेय. हेड गेलं का?"

बहुतेक वेळा हेड गेलेलं नसतं. पण त्या चार वेळांनी ते जायच्या वाटेला मात्र लागतं. कसं, ते आज नीट बघू.

समजा, वडखळ नाक्याजवळ, जिथे मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागचा रस्ता फुटतो, तिथे तुमचा एक गाळा आहे. आत एक इको-सॉल्व्हंट मशीन आहे. गणपती आठ दिवसांवर आलेत. हमरापूर, जोहे इथल्या मूर्ती कारखान्यांचे बोर्ड जाऊन महिना झाला, आता मंडळांचे बॅनर सुरू आहेत. रात्री साडेदहाला निळ्या बॅकग्राउंडमध्ये पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. तुम्ही नॉर्मल क्लीनिंग मारता. फरक नाही. मग स्ट्राँग. परत स्ट्राँग. पाचव्या वेळी बघता तर निळा तसाच, आणि आता काळ्यातही गॅप. मंडळाची पोरं सकाळी आठला बॅनर न्यायला येणार. इथे माणूस घाबरतो आणि सहाव्यांदा बटण दाबतो.

क्लीनिंगमध्ये नक्की होतं काय? नाव क्लीनिंग असलं तरी मशीन हेड धूत नाही, ते हेडमधून शाई ओढतं. हेड जागेवर येऊन कॅपवर बसतं. कॅपच्या रबरी कडा हेडभोवती घट्ट बसल्या की खालचा पंप ओढायला लागतो. बाटलीतली शाई नळीतून डॅम्परमध्ये, डॅम्परमधून हेडमध्ये आणि नोजलमधून खाली वेस्ट टाकीत जाते. जाताना हवेचा बुडबुडा, थोडी सुकलेली शाई सोबत घेऊन जाते. मग वायपर हेडचा तळ पुसतो आणि हेड थोडे थेंब उडवून मिसळलेले रंग बाहेर टाकतं. झालं क्लीनिंग.

म्हणजे हे काम हेडचं नाहीच. ते कॅप, पंप आणि वायपर या तिघांचं आहे. कॅपच्या कडेवर शाईचा थर जमला असेल तर ती घट्ट बसत नाही, आणि पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. डॅम्परची जाळी चोंदली असेल तर वरून शाई तेवढ्या वेगाने येत नाही, आणि ओढ जास्त झाली की हवा शिरते. अशा मशीनवर स्ट्राँग क्लीनिंग मारणं म्हणजे चांगल्या नोजलमध्येही हवा भरणं. काळा गेला तो असा.

म्हणून माझा नियम : दोन क्लीनिंग. दोन्ही नॉर्मल. तेवढ्याने भागलं नाही तर बटण सोडा आणि नोजल चेक वाचायला बसा.

वाचायचं कसं? एक नोजल चेक काढा. मग काहीही न करता दहा मिनिटांनी दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवा. गॅप त्याच जागी असतील तर तिथे शाई सुकली आहे किंवा ती नोजल मेली आहेत. गॅप जागा बदलत असतील, कालचे भरले आणि नवे पडले असं होत असेल, तर हेड ठीक आहे. लाइनमध्ये हवा आहे किंवा शाई कमी पडतेय. क्लीनिंगनंतर नोजल चेक एकदम चकाचक, पण अर्धा मीटर गडद रंग मारला की रेघा सुरू, हे तर डॅम्परचं किंवा नळीचं ठरलेलं लक्षण. लहान नोजल चेकला शाई पुरते, मोठ्या प्रिंटला पुरत नाही. (बाटलीचं झाकण गच्च लावून हवेचं भोक बंद करणारेही मी पाहिलेत. आधी ते बघा, फुकटचं काम आहे.) पिवळ्यात काळ्याची झाक येत असेल तर कॅप किंवा वायपर घाण आहे. आणि रेघ गायब नाही पण वाकडी पडतेय, तर तळाला धूळ किंवा तंतू चिकटलाय. हायवेलगतच्या गाळ्यात, दिवसभर ट्रक जात असताना शटर उघडं ठेवून मशीन चालवलं तर हे होणारच. काचेचं दार हा शोभेचा खर्च धरू नका.

एक साधी परीक्षा सगळ्यांना जमेल. मेंटेनन्स मेनूतून हेड बाजूला घ्या. कॅपमध्ये सिरिंजने क्लीनिंग सोल्युशन काठोकाठ भरा आणि पाच मिनिटं थांबा. बहुतेक मशीनमध्ये पंप बंद असताना ते तसंच राहायला हवं. आपोआप उतरलं तर पंपाची नळी झिजली आहे. राहिलं तर आता एक क्लीनिंग द्या आणि वेस्टच्या नळीकडे बघा. शाई सरकताना दिसली पाहिजे. सरकत नसेल तर पंप किंवा नळी चोंदलीय, आणि तुम्ही आजवर मारलेली सगळी क्लीनिंग हवेत गेली.

शाई सुकली असेल तर जोर नको, वेळ द्या. कॅप सोल्युशनने भरा, हेड त्यावर बसवा, तास-दोन तास भिजू द्या, मग एकच नॉर्मल क्लीनिंग. सोल्युशन इको-सॉल्व्हंट शाईचंच हवं. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर नको, नळाचं पाणी तर नकोच. सिरिंज लावून वरून दाब देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. नवीन माणसाने ते करू नये. डीएक्स५ हेडमध्ये १४४० नोजल असतात, आय३२०० मध्ये ३२००. एवढ्या बारीक भोकांमागचे पडदे अंगठ्याच्या जोराने फाटतात. आणि डॅम्पर किंवा हेडला हात लावण्याआधी मशीन मेन स्विचवरून बंद करा. हेडच्या पट्टीच्या केबलवर शाईचा एक थेंब गेला आणि करंट चालू असला, तर हेडबरोबर बोर्डही उडू शकतो.

हे सगळं कॅप-पंपवाल्या मशीनबद्दल झालं. मोठ्या सॉल्व्हंट फ्लेक्स मशीनमध्ये, कोनिका वगैरे हेडवाल्या, बहुतेक ठिकाणी दाब देऊन शाई खाली सोडतात. तो वेगळा विषय, वेगळा व्हिडिओ करू.

आता पैशाचं. वेस्टची बाटली किचनच्या काट्यावर ठेवा, क्लीनिंगआधी आणि नंतर वजन करा. समजा एका स्ट्राँग क्लीनिंगला २० ग्रॅम शाई गेली. दिवसाला चार वेळा म्हणजे ८० ग्रॅम, महिन्याच्या २५ दिवसांत २ किलो. हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमच्या मशीनचा तुम्ही मोजा. पण ही शाई कोणत्याच बिलात लागत नाही, हे लक्षात घ्या. कॅप, वायपर, डॅम्पर या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्यांचा एक-एक जोड कपाटात असलाच पाहिजे. सीझनमध्ये कुरियरची वाट बघत बसणं त्यांच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

रोजचं काम दहा मिनिटांचं. सकाळी मशीन लावलं की आधी नोजल चेक, क्लीनिंग नाही. ती पट्टी तारीख टाकून वहीत चिकटवा. संध्याकाळी कॅपची कडा आणि वायपर सोल्युशन लावलेल्या फोमच्या काडीने पुसा. साधा कापूस नको, तंतू राहतात. विसर्जनानंतर चार दिवस दुकान बंद ठेवणार असाल तर रोज कुणीतरी येऊन एक टेस्ट प्रिंट काढायला हवी. आणि पावसात लाइट गेली की हेड अर्ध्या वाटेत उघडं अडकतं, म्हणून निदान हेड घरी जाऊन कॅपवर बसेपर्यंत टिकेल एवढा यूपीएस घ्या. अंगठ्याएवढी बचत करायला जाऊन लोक हेड घालवतात ते इथे.

सेकंडहँड मशीन बघायला जाणार असाल तर मालकाला आधी सांगून ठेवा : मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. पोचल्यावर थंड मशीनचा एक नोजल चेक, एका क्लीनिंगनंतर दुसरा, आणि तासभर गडद प्रिंट मारून तिसरा. तिसरा काढायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याशी भाव करत बसू नका.

राहिली ती रात्र. साडेदहा वाजलेत, दोन क्लीनिंग झाली, गॅप आहेत. मशीनमध्ये पास वाढवा, ४ चे ८ करा. वेग अर्ध्यावर येईल, पण थोडे गॅप शेजारच्या नोजलने भरून निघतात आणि लांबून बघायच्या बॅनरवर दिसत नाहीत. एक फूट काढून लांबून बघा. चालण्यासारखं असेल तर लावून द्या आणि कॅप उद्या उघडा. नसेल तर पेणमध्ये ज्याच्याकडे मशीन आहे त्याला फोन करा, फाइल पाठवा, त्याच्या जॉबवर्कच्या दराने बॅनर काढून घ्या. या कामात तुमचा नफा जाईल, मंडळ राहील. फक्त हा दर आणि हा फोन नंबर आजच, सीझनच्या आधी, ठरवून ठेवा. रात्री साडेदहाला कुणी चांगला दर देत नाही. आणि मेकॅनिकला "मशीन बिघडलंय" एवढंच लिहू नका. वहीतल्या शेवटच्या तीन पट्ट्यांचे फोटो, वेस्टच्या नळीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि किती क्लीनिंग मारली तो खरा आकडा पाठवा. मग तो पनवेलहून निघताना बरोबर तोच पार्ट घेऊन निघेल.