शिक्का आधी, गुन्हा नंतर

इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी, टकारी अशा अनेक जमाती पुढे त्याखाली आल्या. त्या जमातीत जन्मलेला माणूस काही न करताच संशयित ठरे. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये ठेवले जाई.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, पण संशय उरला. गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात. अटकेची नोंद झालेल्या तरुणाला काम कोण देणार? जमीन नाही, दाखले नाहीत, शेजार नाही. मग पोटासाठी आडवाट धरली जाते आणि लोक म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये हेच सूत्र मांडले: गुन्हेगारपण केवळ कृतीत नसते, समाज कोणावर शिक्का मारतो यावरही ते ठरते. शिक्का बसलेल्या प्रत्येकाच्या हातून गुन्हा घडतोच असे नाही. मात्र सरळ जगण्याच्या वाटा त्याच्यासाठी अरुंद होतात. म्हणून पोलीस सुधारणांइतकेच जातीचे दाखले, शाळा आणि रोजगार हेही गुन्हे रोखण्याचेच उपाय आहेत.