शब्दही सासरी जातात

"आई, हॉटेल नाही गं, रेस्टॉरंट म्हण!" इंग्रजी शाळेत जाणारं मूल घरात असलं, की हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. मूल हसत बोलतं, आपणही हसून सोडून देतो. पण पुढं शाळेत पालकसभेला गेलो, बाईंनी काही विचारलं, की ओठांवर आलेलं बोलणं आपण गिळतो आणि यजमानांच्या तोंडाकडे पाहतो. न जाणो, आपला शब्द चुकला तर? मैत्रिणींनो, आज या 'चुकलं'चाच जरा समाचार घेऊ या.

हॉटेलापासूनच सुरुवात करू. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, हे खरं. पण हा शब्द इंग्रजांचा तरी कुठं आहे? त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि त्याचं मूळ आहे लॅटिनमध्ये. तिथं पाहुणा आणि यजमान या दोघांनाही एकच शब्द होता. त्यातूनच हॉटेल निघालं आणि हॉस्पिटलही निघालं. दोन्ही एकाच आईची लेकरं! फ्रान्समध्ये तर नगरपालिकेच्या इमारतीला 'ओतेल द व्हिल' म्हणतात. तिथं ना खोली मिळत, ना चहा. मग चहा-मिसळ मिळते त्या जागेला आपण हॉटेल म्हटलं, तर बिघडलं कुठं?

आता मशीन घ्या. "दुपारी जरा मशीनवर बसते" म्हटलं, की शेजारणीला बरोबर कळतं, शिवण चाललंय. घरात यंत्रं ढीगभर असली, तरी हा मान शिवणयंत्राचा! (हल्ली कपडे धुण्याचं यंत्र त्यात वाटेकरी झालंय, ते सोडा.) गंमत अशी, की जपानी बायकाही अगदी हेच करतात. इंग्रजी मशीनवरून त्यांच्याकडे 'मिशिन' झालं, आणि त्याचा अर्थ फक्त शिवणयंत्र. उलट इटलीत 'मॅक्किना' आणि रशियात 'मशिना' म्हटलं, की दारात मोटारगाडी उभी राहते. मूळ एकच, ग्रीक भाषेतलं. पण ज्या घरी जे यंत्र लाडकं, त्याला ते नाव मिळालं.

आपल्या टोपलीतल्या वांग्याची कथा तर याहून मोठी. संस्कृतात त्याला 'वातिंगण' असा शब्द आहे. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन 'बादिंजान' झाला, पुढं पोर्तुगीजांच्या तोंडी 'बेरिंजेला' झाला आणि त्यांच्याच गलबतांतून परत इकडे येऊन 'ब्रिंजल' झाला. इंग्लंडात वांग्याला 'ऑबर्जिन' म्हणतात, तोही त्याच अरबी शब्दाचा नातू. तेव्हा वांगं म्हणणं अडाणीपणाचं आणि ब्रिंजल म्हणणं सुधारलेपणाचं, असं मुळीच नाही हं!

आणि साहेबांनी आपले शब्द नेले, ते तरी धड ठेवले का? इंग्रजीतलं 'मंगूज' म्हणजे आपलं मराठी मुंगूसच. 'गूज' नावाच्या हंसासारख्या पक्ष्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण स्पेलिंगला शेपूट लावलं त्या पक्ष्याचं. त्यासाठी एकाही साहेबाला कुणी बाकावर उभं केलं नाही.

आता एक शब्द जरा मनाला लागणारा. गिफ्ट. इंग्रजीत याचा अर्थ भेट. पण याच स्पेलिंगचा शब्द जर्मन भाषेत आहे, आणि तिथं त्याचा अर्थ विष! स्वीडनमध्ये तर त्याचे दोन अर्थ, एक विष आणि दुसरा विवाहित. हसू आलं ना? पण या सगळ्यांचं मूळ एकच आहे, देणं. दिलेली वस्तू ती भेट. औषधाची दिलेली मात्रा, तिच्यावरून घसरत घसरत अर्थ गेला विषापर्यंत. आणि दिलेली मुलगी ती विवाहित. अहो, आपण तरी काय विचारतो? "तुमची धाकटी कुठं दिली?" इतक्या दूरच्या त्या थंड मुलखातही लेक 'दिली'च जात होती. आज मात्र स्वीडनमध्ये लग्न झालेला पुरुषही स्वतःला 'गिफ्ट'च म्हणवतो. शब्द तोच राहिला, माणसं बदलली, म्हणून अर्थ बदलला. आपल्या 'दिली'चंही असं व्हायला काय हरकत आहे?

तर सांगायचं इतकंच, की शब्दही सासरी जातात. नव्या घरची रीत उचलतात, तिथलं काम करतात. सासरी मिळालेला अर्थ म्हणजे चूक नव्हे. मात्र दुसऱ्याच्या घरी जाताना तिथली रीत ठाऊक असावी. लेकाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघाला असाल, तर एवढं वहीत टिपून ठेवा. अमेरिकेत भेंडीला 'ओक्रा' म्हणतात. तिथं 'लेडीफिंगर' नावाची मिळतात ती हलकी लांबट बिस्किटं. वांगं हवं असेल तर 'एगप्लांट' म्हणा. आपले बटाट्याचे वेफर्स अमेरिकेत 'चिप्स' होतात, इंग्लंडात 'क्रिस्प्स'. इंग्लंडात 'चिप्स' मागाल, तर पुढ्यात येतील बटाट्याच्या गरमागरम तळलेल्या जाड फोडी!

आणि घरी एक करा. चांगल्या मोठ्या शब्दकोशात शब्दाच्या अर्थासोबत त्याचं मूळही दिलेलं असतं. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन बसा, रोज तुमच्या तोंडी असलेले दहा इंग्रजी शब्द निवडा आणि एकेकाचं माहेर शोधा. मुलांचं इंग्रजी सुधारेल, आणि तुमची भीड चेपेल.