आभासी जग आणि शेतकऱ्याचे शिक्षण

शेतकऱ्याचे खरे विद्यालय म्हणजे त्याचे शेत व खरा गुरू म्हणजे अनुभव, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु या गुरूची दक्षिणा जबर आहे, आणि त्याची शिकविण्याची चालही फार संथ आहे. विसाव्या वर्षी ज्याने शेती हाती घेतली व साठाव्या वर्षी मुलाच्या स्वाधीन केली, त्याच्या वाट्यास सारे चाळीस पावसाळे येतात. कुंभाराचे मडके बिघडले तर तो त्याच दिवशी दुसरे घडवितो; शेतकऱ्याची पेरणी बिघडली तर त्यास वर्षभर थांबावे लागते. शिवाय पेरणी आठ दिवस लांबविली असती तर काय झाले असते, हे त्यास कधीच डोळ्यांनी पाहावयास मिळत नाही. कारण एका शेतात एका हंगामी एकच पेरणी होते.

ही अडचण काही अंशी दूर करणारे एक साधन आता शिक्षणाच्या क्षेत्रात आले आहे. त्यास ‘आभासी जग’ म्हणतात. हे साधन घ्या म्हणून सांगणारे विक्रेते खेडोपाडी येऊ लागण्यापूर्वीच त्याचे स्वरूप, गुण व मर्यादा आपल्या सभासदांस ठाऊक असाव्यात, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आभासी जग म्हणजे संगणकाने निर्माण केलेला असा देखावा की, ज्यात पाहणाऱ्यास केवळ पाहता येते असे नव्हे, तर काही करताही येते व केल्याचे फळ समोर दिसते. चलच्चित्रात नट चुकला तर प्रेक्षक काहीच करू शकत नाही. येथे चूक करणारा व फळ भोगणारा प्रेक्षकच असतो. हे जग कधी साध्या पडद्यावर दिसते, तर कधी डोळ्यांवर बांधावयाच्या चष्म्यात दिसते. या चष्म्यात प्रत्येक डोळ्यापुढे किंचित निराळे चित्र येते, त्यामुळे देखाव्यास खोली भासते. आणि मान वळविली की यंत्र ते ओळखून चित्रही वळविते. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी असे यंत्र प्रथम तयार केले, तेव्हा ते इतके जड होते की छतास टांगावे लागे. आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते. मात्र चित्र मानेच्या हालचालीमागे किंचितही रेंगाळले तर पाहणाऱ्यास घेरी येते, हे ध्यानात ठेवावे.

खोट्या जगात खरी विद्या कशी शिकता येईल, अशी शंका येथे निघण्याचा संभव आहे. तिचे उत्तर विमानविद्येच्या इतिहासात सापडते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण आपल्या वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात काम करीत असे. पेटीच्या भात्यांत हवा कशी खेळवावी हे त्यास चांगले अवगत होते. त्याच भात्यांवर डुलणारे, वळणारे एक लहानसे विमान त्याने १९२९ साली तयार केले. प्रथम लोकांनी त्यास जत्रेतील खेळणे समजून हसण्यावारी नेले. पुढे १९३४ साली टपाल नेण्याचे काम अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांकडे आले, आणि धुके व हिमवर्षाव यांत केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्यामुळे त्यांतील अनेक जण प्राणास मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशाच पेटीत बसून शिकले. जमिनीवर चुकलेल्यास फक्त लाज वाटते. आकाशात चुकलेला परत येत नाही, हे यातील मर्म होय.

शेतीतही अशा जागा आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. वारा कोणत्या दिशेचा, पीक किती उंच, तोंडावर व हातांवर काय बांधले आहे, या गोष्टी चुकल्या तर काय होते हे जिवावर बेतण्यापूर्वी शिकविता आले पाहिजे. तेथे अशा साधनाचा उपयोग उघड आहे.

दुसरा प्रकार धोक्याचा नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात क्रिस डीड, टीना ग्रोत्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतील मुलांसाठी ‘इकोम्यूव्ह’ नावाचा पाठ तयार केला. त्यात संगणकावर एक तळे आहे. मुले गटागटाने त्या तळ्याकाठी हिंडतात, पाण्याचे नमुने घेतात, मासे व पक्षी मोजतात, पुन्हा निराळ्या दिवशी जाऊन तेच करतात. एके दिवशी पाहावे तो तळ्यातील मोठे मासे मरून पडलेले! का मेले, हे कोणी सांगत नाही. मुलांनीच शोधावयाचे असते.

प्रथम बहुतेकांस वाटते की कोणी विष टाकले असावे. परंतु दिवसादिवसांची मोजमापे जुळवू लागले म्हणजे निराळाच उलगडा होतो. आसपासच्या हिरवळीस घातलेले खत पावसाने वाहून तळ्यात आले; त्यातील स्फुरद व नत्र यांवर शेवाळ माजले; ते मेल्यावर कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकला; त्यातच उष्ण, ढगाळ व वारा पडलेले दिवस आले, आणि मासे गुदमरून मेले. कारण एका ठिकाणी व परिणाम दुसऱ्या ठिकाणी, कारण आज व परिणाम काही दिवसांनी, असा हा प्रकार असल्यामुळे तो प्रत्यक्ष तळ्यावर एका भेटीत कळणे कठीण. संगणकावर मात्र काळ मागेपुढे नेता येतो. ज्यांच्या गावात तळे आहे, किंवा ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत, त्यांस या पाठाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बांधावरून वाहून गेलेले खत म्हणजे केवळ खिशातून गेलेले पैसे नव्हेत. या पाठाच्या कर्त्यांनी मुलांस पुढे खऱ्या तळ्यावर नेऊन हातांनी पाणी तपासावयास लावण्याचा निराळा पाठही बनविला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आभास हा प्रत्यक्षाच्या जागी नसून प्रत्यक्षाच्या तयारीसाठी आहे, हे त्यांनी ओळखले.

आता खास शेतकऱ्यांचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा मुलूख आहे. तेथील पुष्कळशी जमीन आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी व ओल धरून ठेवणारी. पिकेही ज्वारी, गहू, हरभरा, कापूस हीच. तेथे १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी ‘ॲप्सिम’ नावाचे संगणकातील शेत शेतकऱ्यांपुढे ठेवले. त्यात जमिनीची खोली, तिच्यातील ओल व नत्र, पेरणीची तारीख, वाण आणि रोजचा पाऊस हे आकडे भरले म्हणजे पीक दिवसागणिक कसे वाढेल व किती उतारा देईल याचे गणित निघते. शेतकरी आरंभी साशंक होते, व ते योग्यच होते. मग शास्त्रज्ञ त्यांच्याच शेतात गेले, खोलवर मातीचे नमुने काढून ओल व नत्र मोजले, त्याच शेताचा पाऊस नोंदविला, आणि गणिताचा उतारा व खळ्यावरचा उतारा शेजारी शेजारी मांडला. दोहोंचा मेळ बसतो असे दिसल्यावरच शेतकऱ्यांनी त्यास प्रश्न विचारण्यास सुरुवात केली: जमिनीत एवढी ओल आहे, आता पेरावे की आणखी एका पावसाची वाट पाहावी? खत वाढविले तर मागील कित्येक वर्षांच्या पावसात ते किती वेळा फळले असते? याप्रमाणे, जे हंगाम त्यांनी कधी केलेच नव्हते, ते त्यांस एका बैठकीत पाहावयास मिळाले. पुढे व्हिक्टोरिया प्रांतातील बर्चिप येथील शेतकऱ्यांच्या मंडळाने याच साधनाचा उपयोग आपल्या सभासदांस घरबसल्या करून दिला. सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांत रब्बी ज्वारी मुख्यतः साठलेल्या ओलीवरच पिकते. तेव्हा हे प्रश्न आपल्यासही परके नाहीत.

या साधनाचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला असा की, यंत्रास जेवढे सांगितले तेवढेच ते जाणते. टोळधाड, गारपीट किंवा रानडुकरे त्यात घातली नसतील, तर त्या जगात ती कधीच येणार नाहीत. दुसरा असा की, हाताची विद्या डोळ्यांनी येत नाही. कलम बांधणे, बैल पारखणे, मूठभर माती दाबून तिचा वाफसा ओळखणे, ही शेतातच शिकावी लागतात.

तिसरा दोष मालकीचा आहे. ‘सेकंड लाइफ’ नावाचे एक आभासी जग अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली उघडले. त्यात अनेक विद्यापीठांनी आभासी जमिनी घेऊन वर्ग, ग्रंथालये व प्रयोगशाळा उभारल्या. शिक्षणसंस्थांस दर निम्मा असे. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने ही सवलत जानेवारी २०११ पासून बंद होईल असे जाहीर केले, आणि अनेक संस्थांस आपले बांधकाम सोडून निघावे लागले. २०१३ साली सवलत पुन्हा मिळू लागली, तरी गेलेले श्रम परत आले नाहीत. काही संस्थांनी मात्र ‘ओपनसिम्युलेटर’ या सर्वांस मोकळ्या असलेल्या साधनावर आपलेच जग उभारले. दुसऱ्याच्या जमिनीवर विहीर खणणाऱ्या कुळाची गत काय होते, हे आमच्या वाचकांहून अधिक कोण जाणतो?

म्हणून असे साधन कोणी दाखविण्यास आल्यास सभासदांनी चार प्रश्न विचारावेत अशी आमची सूचना आहे. जे शिकवावयाचे ते प्रत्यक्षात धोक्याचे, फार संथ किंवा न दिसणारे आहे काय? नसेल तर शेतातच शिकावे. त्यात आपली माती व आपला पाऊस भरला आहे काय? नसेल तर ते दुसऱ्याचे शेत होय. जाणता शिक्षक बरोबर आहे काय? नसेल तर तो नुसता खेळ होईल. आणि आपण भरलेले आकडे व केलेले काम उद्या आपल्या हाती राहील काय? नसेल तर करार नीट वाचावा. उत्तरे समाधानकारक मिळाली, तरीही एकेकट्याने खर्च न करता मळणीयंत्राप्रमाणे संस्थेने अथवा गावाने मिळून ते घ्यावे, व शाळेतील मुलांस प्रथम द्यावे.

परंतु एक काम असे आहे की त्यास यंत्राची वाट पाहावयास नको. रोजचा पाऊस, पेरणीची तारीख, माती परीक्षणाचे आकडे, घातलेले खत व आलेला उतारा यांची शेतवार नोंद ज्याने ठेवली असेल, त्याचेच शेत पुढेमागे संगणकात उतरू शकेल. ज्याने ठेवली नाही, त्यास सर्वांत उत्तम यंत्रही परक्याचेच शेत दाखवील. येत्या मृगापूर्वी प्रत्येक सभासदाने एक पर्जन्यमापक व एक वही घ्यावी, आणि ती वही घरातील शिकणाऱ्या मुलाच्या अथवा मुलीच्या हाती द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.